आमची कोठेही शाखा नाही

मराठी दुकानदाराचा ट्रेडमार्क कायदा एका ओळीत मावतो : ‘आमची कोठेही शाखा नाही.’ ही ओळ शेजारशेजारच्या दोन्ही दुकानांवर असते. दोघेही ‘मूळ’, दोघेही ‘जुने व प्रसिद्ध’. वाद चिघळलाच तर एकजण पाटीवर आजोबांचा फोटो चढवतो. मग दुसऱ्यालाही आजोबा सापडतात.

१९९९च्या ट्रेडमार्क कायद्याखाली छोट्या व्यावसायिकाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गासाठी शुल्क ४,५०० रुपये. पाटीचा खर्च याहून जास्त, पण पाटीला दिवे लावता येतात, अर्जाला नाही. चतुर मंडळी परस्पर गोलातला ‘आर’ छापून घेतात. नोंदणीशिवाय तो छापला तर दंड होऊ शकतो, हे छापखानेवाला कशाला सांगेल? (‘टीएम’ मात्र खुशाल लिहावे.) आणि ‘चविष्ट वडापाव’ या नावाचा मक्ता कुणी मागितला, तर बाकीच्यांनी काय बेचव विकायचा?

लेखकाचे बरे असते. कॉपीराइट लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी लागत नाही, आणि मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र लेखकाचे नाव पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळते आणि दुपारपर्यंत लेख पु. लं.च्या नावावर जमा होतो. तेव्हा पुढे ढकलण्याआधी तळाचे नाव तेवढे राहू द्या. त्याला ४,५०० रुपये पडत नाहीत.