मधली जागा

साडूभाऊंच्या नव्या गाडीला पुढच्या गाडीचा भारी आदर. मलकापूर सुटल्यावर त्यांनी स्टिअरिंगवरचं क्रूझ कंट्रोलचं बटण दाबलं, वेग 80 वर लावला, अंतर दोन सेकंदांचं ठेवलं आणि दोन्ही पाय मोकळे केले. मागच्या सीटवर सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली.

यंत्रणा तशी सरळ आहे. बंपरमागे रडार असतो. तो 77 गीगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पुढे सोडतो. पुढच्या गाडीवर आपटून परत आलेल्या लहरींवरून ती किती लांब आहे आणि जवळ येतेय की पळतेय, हे कळतं. काचेमागचा कॅमेरा ती आपल्याच लेनमध्ये आहे ना, ते बघतो. मग संगणक कधी रेस सोडतो, कधी ब्रेक लावतो. 80 च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे 44 मीटर.

आता महामार्गावर 44 मीटर मोकळी जागा दिसल्यावर वऱ्हाडी माणूस ती वाया जाऊ देईल? आधी बोलेरो घुसली. आमची गाडी निमूट मागे सरली, नवे 44 मीटर तयार केले. त्यात सरकीचा टेम्पो आला. मग डबलसीट मोटरसायकल, मधे कुटाराचं पोतं.

"जावईबापू, साऱ्याईले समोर जाऊ देता, आपन काऊन मांगं?"

"गाडीच ठरवते, आई."

या क्रूझचं मूळ एका बोलघेवड्या वकिलात आहे. राल्फ टीटर हे अमेरिकन इंजिनिअर लहानपणीच अंध झालेले. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी करत, ऐकू लागले की वाढवत. त्या हिसक्यांना वैतागून टीटरांनी वेग एकसारखा राखणारं यंत्र केलं, असं सांगतात. 1958 साली ते क्रायस्लरच्या गाड्यांत आलं. रडारने पुढच्याला बघून ब्रेक लावायची अक्कल 1999 च्या मर्सिडीजमध्ये दिसली. साडूभाऊ बोलताना वेग वाढवतात आणि ऐकायची वेळ स्वतःवर येऊच देत नाहीत. टीटर त्यांच्या शेजारी बसले असते, तर यंत्र सोडून त्यांनी एसटीचं तिकीट काढलं असतं.

नांदुरा आलं. महामार्गालगतचा 105 फुटी मारुती लांबूनच दिसू लागला. सासूबाईंनी हात जोडले. गाडी मात्र 80 ने निघालेली.

"एवढा मोठा मारोती तिले दिसत नाई काय?"

साडूभाऊंनी समजावलं. रडारला खांब, पाट्या, पूल सगळं जाणवतं. पण कडेच्या प्रत्येक उभ्या वस्तूला बघून ब्रेक लावला तर गाडी गावाबाहेरच पडायची नाही. म्हणून जागचं न हलणारं बरंचसं ती सोडून देते.

"म्हंजे मारोती पळाला असता त दिसला असता!"

साडूभाऊंनी मुकाट्याने ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेक दाबताच क्रूझ सुटलं. दर्शन झालं, नारळ फुटला. सासूबाईंनी झेंडूचा जाड हार स्वतःच्या हाताने बंपरला बांधला, मधोमध, अगदी घट्ट. गाडी सुरू करताच पडद्यावर सूचना आली, समोरचा रडार झाकला गेला आहे.

"काय म्हनते?"

"आता क्रूझ चालत नाही म्हणते."

"मंग चालवा आता तुमी," सासूबाई म्हणाल्या, "आन् त्या बोलेरोले गाठा."