आडवळणी

साताऱ्याच्या काकांनी जन्मात कुठली गोष्ट सरळ मागितलेली नाही. उसने पैसे हवे असले की ते आधी कण्हेरच्या पाण्याची चौकशी करतात, मग तुमच्या गुडघ्याची. पटावरही तेच. पहिल्याच चालीला राजापुढचं प्यादं पुढे काढणं म्हणजे पाहुण्यानं थेट स्वयंपाकघरात शिरणं, असं त्यांचं मत. ते वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवतात, त्याच्यामागे उंट नेऊन बसवतात आणि मधली घरं समोरच्याला आंदण देतात.

हटकलं तर दाखला तयार: ‘‘1924 साली न्यूयॉर्कला रेटीनं कडेकडेनं जाऊनच कापाब्लांकाला हरवला. आठ वर्षांत पहिल्यांदा!’’ लार्सन 1970 मध्ये बेलग्रेडला काकांचीच लाडकी चाल खेळला आणि स्पास्कीनं त्याला 17 चालींत गुंडाळला, हे मात्र ते सांगत नाहीत.

सांगलीला जाताना काका जरा जपून असतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळात पोरं घडवली ते हे गाव. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. भडंग बांधून देणारा माणूससुद्धा कधी शह देईल, सांगता येत नाही.

परवा मात्र समोर आले एक घाईचे निवृत्त साहेब. काकांचा उंट दबा धरून बसलेला. साहेबांनी घोडा बाहेर काढला, राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं. आता उंटाच्या वाटेत उभा होता तो फक्त घोडा. काकांनी तिसऱ्या चालीला दुसरंच एक प्यादं पुढे केलं आणि छताकडे पाहिलं. साहेबांना मोकळं मैदान दिसलं. घोडा उडाला, थेट पटाच्या मध्यात! काकांनी चष्मा पुसला, मग उंट उचलला. सातारा, कऱ्हाड, पेठ नाका करत एसटी यावी तसा तो तिरका आला आणि सांगलीच्या कोपऱ्यातला हत्ती घेऊन बसला. पुढची चाळीस मिनिटं साहेब नुसते अब्रूसाठी खेळले.

‘‘सरळ खेळला असता तर दाखवलं असतं,’’ साहेब सोंगट्या गोळा करत म्हणाले.

‘‘ते असू द्या,’’ काका म्हणाले, ‘‘यंदा कृष्णेला पाणी कसं आहे?’’

मला कळलं, काकांना साताऱ्यापर्यंत साहेबांच्या गाडीतून जायचं होतं.