उडवला तर सहा महिने, जीव धोक्यात घातला तर तीन

मुंबईत ड्रोनबंदीचा आदेश निघतो तो तीस दिवसांचा. मुदत संपत आली की नवा आदेश, पुन्हा तीस दिवस. ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवर उडणारी छोटी विमानं, सगळी एकाच ओळीत. 1 जुलै 2024 पर्यंत हे जुन्या फौजदारी कायद्याच्या कलम 144 खाली चालायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली चालतं. मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी बंदी आली तेव्हा तिचं कारण कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. सीमेवर ड्रोन हल्ले चालू असताना बंदी हवीच. माझं भांडण एरवीच्या बंदीशी आहे.

शिक्षा बघा. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. हलगर्जीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, पण इजा झाली नाही, तर कलम 125: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा तेवढाच अडीच हजारांचा दंड. म्हणजे बंदी असताना मोकळ्या मैदानात कुणाच्या अध्यातमध्यात नसताना ड्रोन उडवणारा जास्त गुन्हेगार, आणि बंदी नसताना हळदीच्या गर्दीवर डोक्याच्या उंचीवर तो फिरवणारा कमी. हे उलटं आहे आणि ते सुलटं करायला हवं.

सातिवलीत या. वसई पूर्वेची ही सगळी पट्टी गाळ्यांची: लोखंडी सांगाडे, पत्र्याची छपरं, गाळ्यांना लागून चाळी, चाळींना लागून नव्या बिल्डिंगी, मधून विजेच्या तारा. लग्नसराईत इथे ड्रोनशिवाय शूटिंगचं पॅकेज होत नाही. आता हे यंत्र कसं चालतं ते समजून घ्या. ड्रोनला दिशा कळते ती आतल्या कंपासवरून, आणि जवळ लोखंड असलं की कंपास गोंधळतो. पत्र्यावरून किंवा सळ्या निघालेल्या स्लॅबवरून उडवला की स्क्रीनवर ‘कंपास एरर’ येतो आणि ड्रोन एका बाजूला ओढत जातो. दुसरं, बॅटरी. छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण अर्धा तास पुरते, वारा असला तर त्याहून कमी. ती उतरली किंवा सिग्नल तुटला की ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर जातो आणि तिथून सरळ रेषेत घरी परततो. स्वस्तातल्या ड्रोनला समोरचं दिसत नाही, वाटेत तार आहे की टाकी, त्याला कळत नाही. उंची आधी नीट लावली नसेल तर तो तारेत जातो आणि खाली मांडवात पडतो. मांडवात पोरं असतात.

याला बंदी हे उत्तर नाही. उत्तर आहे ते नेमकं सांगण्यात: गर्दीच्या डोक्यावर नाही, कुणाच्या खिडकीसमोर नाही, तारांच्या इतक्या मीटरच्या आत नाही, वरून काही टाकायचं नाही.

केंद्राचे ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 ला आले. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्याच्या वर दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. तातडीची गरज असेल तर राज्य सरकार किंवा पोलीस तात्पुरता रेड झोन लावू शकतात, पण एका वेळी 96 तासांपुरता, आणि तो नकाशावर दाखवावा लागतो. नियमात 96 तास आणि आदेशात तीस दिवस! नकाशा बघून उडवणाऱ्या पोराला पोलिसांचा आदेश ठाऊक नसतो, कारण तो आदेश त्या नकाशावर असेलच असं नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावलं होतं की कलम 144 चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. तो निकाल काश्मीरचा होता, पण तत्त्व सगळीकडे लागू आहे.

आणि सरसकट बंदीत काय अडकतं तेही आपल्याच जिल्ह्यात बघा. डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप गावाला कोविड लशीचे 300 डोस ड्रोनने गेले. रस्त्याने चाळीसेक मिनिटांची वाट, ड्रोन नऊ-दहा मिनिटांत पोचला. पालघरच्या डोंगरपाड्यांना या यंत्राची गरज सातिवलीच्या मांडवापेक्षा कितीतरी जास्त आहे.

उलट बाजूही खरी आहे. 2024 च्या उन्हाळ्याअखेरीस आणि पावसाळ्यात पुणे, नगर, बीडच्या गावांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनने लोकांची झोप उडवली होती. माणसं काठ्या घेऊन जागली. त्या भीतीला उत्तर देणं हे सरकारचं काम आहे.

मग नेमके नियम करायचे कुणी? विमान वाहतूक हा विषय केंद्राचा आहे, हे मान्य. पण सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस राज्याच्या सूचीत आहेत. अमेरिकेतही हवाई हद्द केंद्राच्या ताब्यात आहे. तरी तिथल्या अनेक राज्यांनी डोकावणं, तुरुंगावरून उडवणं, ड्रोनला शस्त्र बांधणं यांवर आपापले कायदे केले. आपल्याकडे तर विधिमंडळाची वाट बघायचीही गरज नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 33 पोलीस आयुक्तांना सार्वजनिक जागेतल्या सुव्यवस्थेसाठी कायमचे नियम करायचा अधिकार देतं. मिरा-भाईंदर, वसई-विरारला ऑक्टोबर 2020 पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे. तिथूनच सुरुवात करा.

त्या वाटेचा फायदा असा की नियमांचा मसुदा आधी लोकांपुढे ठेवावा लागतो. मग चाळीतल्या बाया खिडकीचं सांगतील, महावितरणचा लाइनमन तारांचं सांगेल, आणि लग्नाचं शूटिंग करणारी पोरं पत्र्यावर कंपास कुठे फिरतो ते गल्लीनिशी दाखवतील. त्या पोरांना आजवर बंदीचे आदेशच मिळाले. त्यांची हरकत एकदा लिहून घ्या.