सरळ रेषेचे उपासक

सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेला, हातातील साखळी सुटली तरी मनातील न सुटलेला असा एक गृहस्थ बहुतेक आळ्यांत आढळतो. आणि कोणाचे मूल परदेशी निघाल्याची वार्ता कानी येताच, पेढ्यांचा पुडा फुटण्यापूर्वीच तो पृथ्वीगोल बगलेत मारून दारात हजर होतो. जाणाऱ्याला नोकरी कसली, पगार किती, सोबत कोण, हा सारा तपशील त्याच्या दफ्तरी क्षुल्लक. 'हवाई अंतर किती, ते बोला' हा त्याचा एकमेव सवाल, आणि समोरचा घुटमळला की त्याच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरते, ती पेन्शनीच्या दिवशीही पसरत नसावी.

घरधनिणीच्या शिवणाच्या डब्यातून मागून घेतलेल्या दोऱ्याचे एक टोक तो अंगठ्याने मुंबईवर दाबतो (त्या अंगठ्याखाली कच्छपासून गोव्यापर्यंतचा मुलूख गडप होतो, पण शास्त्रात एवढी सूट असावी), दुसरे न्यूयॉर्कवर टेकवतो आणि दोरा ताणतो. तो दोरा मुकाट्याने पश्चिमेला जाण्याऐवजी उत्तरेकडे चढत चढत, रशिया ओलांडून, स्वीडन-नॉर्वेच्या माथ्यावरून थेट आइसलंडला भिडतो आणि मग कोठे खाली उतरू लागतो. 'अहो काका, मुलगी न्यूयॉर्कला चाललीय, तिला बर्फात कशाला नेताय?' असे माउली कळवळून विचारते. त्यावर, भिंतीवरचा सपाट नकाशा ही मर्केटर नामक गृहस्थाने 1569 साली खलाशांसाठी केलेली सोय असून तिच्यावर अंतरे मोजणे हा गुन्हा आहे, गोलावरची सर्वांत जवळची वाट सपाट कागदावर वाकडीच दिसायची, आणि ही वाट सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांची आहे, एवढा खुलासा सांगोपांग होईपर्यंत त्याच्या चहावर साय धरलेली असते.

आमच्या आळीतील नमुन्याला एकदाच धक्का बसला. 2016 साली एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेण्यास आरंभ केला, आणि हा मार्ग हजाराहून अधिक किलोमीटरांनी लांब असूनही वारा पाठीशी असल्यामुळे लवकर संपतो, असे एका कॉलेजकुमाराने त्याला भर चौकात सुनावले. काही काळ पृथ्वीगोल फडताळात गेला. मग एके संध्याकाळी 'वारा मोजणीत धरीत नाहीत' असा निवाडा देऊन तो पूर्ववत रुजू झाला.

विमानात मात्र त्याने अद्याप पाऊल ठेवलेले नाही. मुलीकडे पुण्यास जातो तो आगगाडीने, आणि तिथे त्याचे खरे दुःख उफाळून येते. कारण सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास रेल्वे घाटातून वळसे घेत 192 किलोमीटरांनी नेते आणि त्या सर्वांचे भाडे वसूल करते. कर्जतला मागे जादा इंजिन लागत असताना ही बेकायदा वसुली त्याने तिकीट-तपासनिसापुढे साद्यंत मांडली. तपासनिसाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, 'आजोबा, डोंगरातून आरपार जाणारी गाडी सुटली की पहिलं तिकीट तुम्हालाच देऊ. तूर्त हे दाखवा.'