फसलेल्या फटक्याचा क्लब

गोल्फचा नियम खेळाडूला चौदा क्लब बाळगायची मुभा देतो. अमेरिकेत हा नियम १९३८ साली आला, ब्रिटनने तो पुढच्या वर्षी उचलला. त्याआधी वीस-वीस क्लब घेऊन फिरणारे बहाद्दर होते, आणि ते ओझं वाहणाऱ्या कॅडींचं मत कुणी विचारलं नव्हतं. नियम करणाऱ्यांना वाटलं असावं, की जागा मोजक्या म्हटल्यावर माणूस विचार करून क्लब निवडेल. हौशी गोल्फरवर इतका विश्वास टाकणारी ही बहुधा शेवटची माणसं. कारण आपल्यापैकी अनेकांच्या बॅगेत निदान दोन जागा अशा क्लबांनी अडवलेल्या असतात, ज्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा उरलेली नसते: तीन आणि चार नंबरची आयर्न. जुने सेट विकायला येतात तेव्हा हे उघड दिसतं. सात नंबरचं तोंड घासून गुळगुळीत झालेलं (तेही मधोमध नव्हे, टाचेपासून टोकापर्यंत मार अगदी समान वाटलेला), वेजच्या खाचा बुजत आलेल्या, आणि तीन नंबर मात्र शोकेसमधल्या टी-सेटसारखं कोरं करकरीत. त्या जागी हायब्रिड यावं, म्हणजे अर्धं वूड आणि अर्धं आयर्न असलेला तो आखूड, बुटका क्लब यावा, हे आता कुणीही सांगेल. दुकानदार तर आपण न विचारता सांगतो. पण ते का घ्यायचं याचं त्याने दिलेलं कारण मला पटत नाही, आणि आपली निवडण्याची रीत त्याहून पटत नाही. हायब्रिड आपल्या चांगल्या फटक्यासाठी घ्यायचं नसतं. ते फसलेल्या फटक्यासाठी घ्यायचं, आणि निवडायचंही त्याच मापाने.

आधी लांब आयर्नचा गुन्हा काय ते पाहू. त्याचं पातं बारीक, कोन उभट आणि दांडा लांब. चेंडू वर चढवायला त्याच्याकडे स्वतःचं असं फारसं काही नसतं. ते काम खेळाडूच्या वेगाने करायचं असतं. पीजीए टूरवरचा खेळाडू ड्रायव्हर फिरवतो तेव्हा क्लबचा वेग ताशी ११५ मैलांच्या आसपास असतो. सर्वसाधारण हौशी पुरुष नव्वदीत असतो, आणि रविवारी सकाळी पहिल्या टीवर, मागे चौघं वाट बघत उभे असताना, त्याहूनही खाली. क्लब बनवणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: लॉफ्ट २४ अंशांहून कमी किंवा लांबी ३८ इंचांहून जास्त असलेलं आयर्न सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर. ली ट्रेव्हिनोवर १९७५ साली वेस्टर्न ओपन खेळताना वीज पडली होती. त्यातून वाचल्यावर तो गमतीने सांगायचा, की विजा कडाडू लागल्या तर एक नंबरचं आयर्न उंच धरा, ते देवालासुद्धा मारता येत नाही. पुढे एक नंबर बाजारातून गेलं, त्याच्यामागोमाग दोन नंबर हौशी सेटांतून गेलं, आणि आपण निश्चिंत झालो. इथेच फसगत आहे. सत्तरच्या दशकात दोन नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट वीस अंशांच्या आसपास असायचा. आजच्या हौशी सेटातल्या चार नंबरचा लॉफ्टही साधारण तेवढाच असतो. म्हणजे ज्याला आपण रामराम ठोकला, तो दाराबाहेर जाऊन नंबर बदलून पुन्हा आत आला. कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी: नव्या आयर्नचं वजन खाली असल्याने चेंडू आपोआप उंच जातो, तेव्हा कोन थोडा उभा करणं भाग होतं. ते खरं. पण ‘माझं सात नंबर एकशे सत्तर जातं’ असं क्लबहाउसात सांगता यावं, या ग्राहकाच्या इच्छेचाही त्यात वाटा आहे, आणि तो लहान नाही.

हायब्रिडमध्ये हेच वजन खाली आणि मागे नेलेलं असतं. डोकं पोकळ, तळ रुंद आणि गोलसर, तोंड लवचीक. चेंडू नीट लागला, तर त्याच लॉफ्टच्या आयर्नपेक्षा तो उंच जातो आणि ग्रीनवर लवकर थांबतो. दुकानात आपल्याला हेच दाखवलं जातं. पण खरी मौज नीट न लागलेल्या चेंडूत आहे. समजा, चार नंबरचं आयर्न जमलं तर एकशे ऐंशी यार्ड जातं आणि फसलं तर शंभर यार्ड घरंगळतं. हायब्रिडही जमलं तर एकशे ऐंशीच जातं, पण फसलं तरी दीडशे-एकशे साठपर्यंत पोचतं. दोन्हींचा उत्तम फटका सारखाच, मग भांडण कशाचं, असं आयर्नवाले विचारतात. भांडण असं, की उत्तम फटका सहातून एकदा येतो आणि उरलेले पाच फटकेही स्कोअरकार्डावर लिहावे लागतात. पावसाळ्यात तर वादच संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईच्या कोर्सवर रफ ओलं, जाड आणि चिवट होतं. आयर्नचं पातं त्यात शिरलं की गवत दांड्याच्या बुंध्याला वेटोळं घालतं, तोंड फिरतं, आणि चेंडू आपल्या जागेवरून फार तर कूस बदलतो. हायब्रिडचा गोल तळ गवत दाबत, बाजूला सारत पुढे सरकतो. एक गोष्ट इथेच सांगायला हवी: चेंडू पूर्ण बुडाला असेल तर हायब्रिडही काही करू शकत नाही. तिथे वेज काढावा आणि मुकाट फेअरवेवर यावं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप तोंडाने कुणी बोलत नाही, पण सगळ्यांत वजनदार तोच आहे: हायब्रिड हा म्हाताऱ्यांचा क्लब. पंचेचाळिशीच्या गृहस्थाला डॉक्टरांनी साखर बंद केली तर तो ऐकतो, पण कॅडीने चार नंबरचं आयर्न बंद करा म्हटलं तर कॅडी बदलतो. वास्तविक, आपल्या क्लबांतल्या कॅडीने दोन होल होण्याआधीच सगळं ओळखलेलं असतं. चेंडू रफमध्ये दिसला की तो चालता चालताच हायब्रिडचं मोजं काढून काखेत धरतो आणि ‘साहेब, हे घ्या’ म्हणतो. साहेब झाडाकडे, वाऱ्याकडे, मग पुन्हा झाडाकडे बघतात आणि ‘चार नंबर’ म्हणतात. कॅडी मोजं परत चढवत नाही; थोड्या वेळाने लागणारच आहे, हे त्याला ठाऊक असतं. म्हातारपणाच्या या आक्षेपाला उत्तर म्हणून २००९ ची पीजीए चॅम्पियनशिप पुरेशी आहे. मिनेसोटातलं हेझल्टिन. त्या दिवसापर्यंत टायगर वुड्स मेजर स्पर्धेत शेवटच्या दिवशी आघाडीवर असला की हरलाच नव्हता. चौदा वेळा आघाडी, चौदा विजेतेपदं. समोर दक्षिण कोरियाचा वाय. ई. यांग, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा क्लब हातात धरलेला. अठराव्या होलवर एका फटक्याची आघाडी, ग्रीनपर्यंत दोनशे यार्डांहून अधिक अंतर, वाटेत झाड. यांगने तीन नंबरचं हायब्रिड काढलं, चेंडू झाडावरून घातला आणि झेंड्याजवळ थांबवला. पुढचा पट टाकून तो जिंकला, आणि आशियात जन्मलेला पहिला पुरुष मेजर विजेता ठरला. त्या क्षणी त्याला कुणी ‘आजोबा’ म्हटल्याची नोंद नाही.

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर अदिती अशोक आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, कासुमिगासेकीच्या कोर्सवर तिचा ड्राइव्ह प्रतिस्पर्ध्यांच्या बराच मागे पडत होता. त्याच वर्षी तिला कोविड होऊन गेला होता आणि उरलीसुरली ताकदही घटली होती. इतरजणी छोटी आयर्न काढत होत्या तिथे तिला लांब क्लब घेऊन ग्रीन गाठावं लागत होतं. ती चौथी आली, कांस्यपदकापासून फक्त एका फटक्याने दूर. एकूणच हौशी पुरुषाने पीजीए टूर बघणं कमी करून महिलांचं गोल्फ बघावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. तिथल्या खेळाडूंच्या बॅगांत हायब्रिड सर्रास असतात, त्यांचा वेग आपल्या वेगाच्या कितीतरी जवळचा आहे, आणि साम्य तिथेच संपतं ही गोष्ट निराळी. यावर कुणी म्हणेल, की टूरवरचे बरेच पुरुष हायब्रिड टाळतात. टाळतात खरे. त्यांची तक्रार अशी, की चेंडू फार उंच जातो आणि डावीकडे वळतो. ‘चेंडू फार उंच जातो’ ही ज्याची अडचण असेल, त्याने हा लेख इथेच सोडला तरी चालेल. बरं, ती मंडळी आपल्याइतकी मानीही नाहीत: डस्टिन जॉन्सनसारखा लांब मारणारा माणूस २०२० साली मास्टर्स जिंकला, तेव्हा त्याच्या बॅगेत सात नंबरचं वूड होतं.

डावीकडे जाण्याची तक्रार मात्र खरी आहे, ती हसण्यावारी नेता येणार नाही. तसं पाहिलं तर आयुष्यभर उजवीकडच्या झाडांना पोसलेल्या माणसाने चेंडू डावीकडे गेला म्हणून रडावं, यात थोडी कृतघ्नता आहे. पण कारणं बघितली पाहिजेत. अनेक हायब्रिडांचं तोंड किंचित मिटलेलं असतं, दांडा चेंडूच्या बाजूने उभट बसवलेला असतो, आणि हे स्लाइसवाल्यांच्या सोयीसाठी मुद्दाम केलेलं असतं. त्यात दांड्याची भर. बॅगेतल्या आयर्नना जड स्टीलचा शाफ्ट आणि हायब्रिडला फुलासारखा हलका, लवणारा ग्रॅफाइट असेल, तर हाताला दोन वेगळे क्लब लागतात आणि हलका क्लब आधी फिरतो. थोडा जड आणि कडक शाफ्ट घेतला की निम्मा हुक जातो. उरलेला निम्मा आपलाच. हायब्रिड दिसतं वूडसारखं, म्हणून माणूस ते वूडसारखं झाडूने झाडल्यागत मारतो किंवा चेंडू उचलायला जातो. ते आयर्नसारखं, खाली येत मारायचं. चेंडू दोन्ही पायांच्या मध्यापासून जरासाच पुढे, आणि चेंडूनंतर गवत किंचित खरवडलं गेलं पाहिजे. उन्हाळ्यात जमीन टणक झाली की हे फार जाणवतं. उचलायला गेलात तर रुंद तळ आधी जमिनीवर आपटून उसळतो आणि चेंडूचं टाळकं लागतं.

‘मग वूडच का नको?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एकतर्फी नाही. वेग बराच कमी असेल आणि मुळातच चेंडू झाडून मारायची सवय असेल, तर सात किंवा नऊ नंबरचं वूड हायब्रिडपेक्षा उंच आणि मऊ उतरतं. अशा माणसाने खुशाल तेच घ्यावं. पण वूडचा दांडा एक-दोन इंच लांब असतो, आणि उतारावरून, रफमधून किंवा झाडाखालून तो एक-दोन इंचांचा हिशेब चुकता करतो. आपला चेंडू बहुतेक वेळा कुठे सापडतो, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावं. फेअरवेच्या मधोमध, असं उत्तर आलं तर ते पुन्हा तपासावं.

निवड करताना नंबर मुळीच बघू नका. एका कंपनीचं चार नंबर एकवीस अंशांचं, दुसरीचं तेवीस अंशांचं. मोज्यावरचा फिरता नंबर तर नेहमी तिसरंच काही सांगत असतो. लॉफ्ट बघा आणि अंतर मोजा. हायब्रिडचा दांडा त्याच नंबरच्या आयर्नपेक्षा लांब आणि तोंड जास्त उसळी देणारं, त्यामुळे चारच्या जागी चार आणलं तर ते बरेचदा पाच नंबरच्या वूडच्या अंगणात जाऊन पडतं आणि पाच नंबरच्या आयर्नपर्यंत मध्ये खिंडार राहतं. मोजतानाही आपली एक सवय मोडायला हवी. दहा चेंडू मारले की माणूस दोन वाईट फटके ‘हे सोडा, पाय घसरला’ म्हणून वगळतो आणि उरलेल्यांची सरासरी काढतो. उलट करा. सगळ्यांत चांगले दोन वगळा आणि उरलेल्या आठांवर क्लब पसंत करा. त्या आठांत जो क्लब चेंडू सर्वांत कमी मागे ठेवतो, तो आपला, मग त्याचा विक्रमी फटका शेजारच्या क्लबपेक्षा दहा यार्ड आखूड का असेना. हौशी माणसाचे चेंडू ग्रीनच्या पुढे क्वचितच जातात; बहुतेक अलीकडेच पडतात, आणि बंकर व पाणीही बरेचदा तिथेच असतं. अठराच्या वर हँडिकॅप असेल तर दोन हायब्रिड घ्या, वीसच्या लॉफ्टच्या आसपास एक आणि चार-पाच अंश पुढे दुसरं. पाच नंबरचं आयर्नही जड जात असेल तर तिसरं. मॉडेल ताजंच हवं असं नाही. तळ गोल आणि शाफ्ट योग्य असेल तर काही वर्षं जुनं हायब्रिडही चेंडूला वय सांगत नाही.

याच क्लबाचा आणखी एक उपयोग फुकटात मिळतो. २००४ च्या ब्रिटिश ओपनला रॉयल ट्रूनवर टॉड हॅमिल्टन आणि एर्नी एल्स यांच्यात चार होलांचा प्लेऑफ झाला. शेवटच्या होलवर ग्रीनपासून तीसेक यार्डांवरून हॅमिल्टनने वेज न काढता हायब्रिड काढलं, चेंडू जमिनीलगत सरपटत नेऊन झेंड्याजवळ ठेवला आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. मे महिन्यात आपल्या ग्रीनभोवतीची जमीन उघडी पडलेली असते आणि वेज एकतर मातीत रुततो नाहीतर चेंडू पलीकडच्या बंकरमध्ये पाठवतो, तेव्हा हेच करावं. दांडा खाली धरा, पटिंगला उभे राहतो तसे उभे राहा आणि नुसता ढकला.

आता दुकानाविषयी एक शेवटचं. तिथे चेंडू मॅटवरून मारायला देतात, आणि मॅट लबाड असते: क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी तो घसरत पुढे जातो आणि पडद्यावर फटका सुरेख दिसतो. फसलेला फटका तिथे फसलेला दिसतच नाही. तेव्हा पैसे मोजण्याआधी तो क्लब रेंजवर नेऊन गवतातून, जमलं तर रफमधून, दहा चेंडू मारून बघू द्या असं सांगा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.