अण्णा, बिबट्या आणि कावळा

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, पुण्यात लकडी पुलावर उभे होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा ते पाटणच्या स्टँडवर बाकावर झोपले होते आणि जागे झाले ते बाकाखाली. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तिच्यात खिडकीजवळची जागा अण्णांची. लहानपणी आम्हाला वाटायचं, इतिहासाला काही घडवायचं असलं की तो आधी पेण तालुक्यात येतो आणि अण्णांना सोबत घेऊन जातो.

आजीचं मत जरा वेगळं होतं. "पानशेतच्या दिवशी हे घरातच होते. गळवाला पोटीस बांधून पालथे पडले होते," असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची. अण्णा डगमगायचे नाहीत. "ते गळू पुराच्या पाण्यानेच झालं!"

पण माणूस नुसता थापाड्या नव्हता, खरोखरच भटक्या होता. सायकलवरून बोरघाट चढून पुण्याला जायचा, तेही एका नारळाच्या पोत्यासकट. एकसष्टाव्या वर्षी गिरनारच्या दहा हजार पायऱ्या चढून-उतरून धडधाकट घरी आला आणि ओटीच्या तीन पायऱ्या चढताना पाय मुरगळून बसला. गोष्टीत अर्थातच त्या पायाला सिंह कारणीभूत होता. माझं म्हणणं असं की, जो खरंच दहा हजार पायऱ्या चढला त्याला एखादा सिंह माफ असावा.

गोष्ट सांगायची त्यांची म्हणून एक सामग्री होती: झोपाळा, पानाचा डबा आणि पितळी अडकित्ता. गोष्ट ऐन रंगात आली की अण्णा डब्यातून सुपारी निवडायचे. एक उचलायची, हलवून कानाशी न्यायची, नापसंत करून ठेवायची. दुसरी. मग ती अडकित्त्यात धरून अगदी बारीक कातरायची. कट्. कट्. तेवढा वेळ बिबट्या बिचारा मागचे पाय आखडून उडीच्या पवित्र्यात ताटकळत असायचा आणि आम्ही नातवंडं त्याच्याहून वाईट अवस्थेत.

त्यांचे गुरू एकच, गोडसे भटजी. वरसई आमच्याच तालुक्यातली, त्यामुळे अण्णा त्यांच्याबद्दल चुलत्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. "बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून निघाले आणि सापडले सत्तावन्नच्या बंडात! झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी आत. लुटले गेले, उपाशी राहिले, तरी येताना खांद्यावर गंगेची कावड. आणि लिहिलं कधी? १८८३ साली! पंचवीसेक वर्षं गोष्ट मुरू दिली. लोणचं आहे ते." स्वतः अण्णा मात्र लोणचं सकाळी घालून दुपारच्या पानात वाढायचे.

एकच गोष्ट त्यांनी खरंच मुरू दिली होती. १७ जुलै १९४७, अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या भागात प्रत्येक घरात एक तरी 'रामदास चुकलेला' माणूस असतो. त्या सगळ्यांना बसवायचं तर आणखी चार बोटी लागल्या असत्या. अण्णाही त्यांतलेच. पण ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, अडकित्ता न उघडता. धक्क्यावर पोचायला उशीर झाला. सोबतचा मित्र वेळेवर पोचला होता. एवढीच. स्वयंपाकघरातून आवाज आला नाही.

गेले तेव्हा वय शहाऐंशी. आदल्या रात्री कर्नाळ्याची गोष्ट चालू होती. किल्ल्यावरच्या त्या अंगठ्यासारख्या सुळक्यावर अण्णा मधासाठी अर्धे चढलेले, वर आग्यामोहोळ उठलेलं, खाली बिबट्या. एवढ्यात त्यांना डुलकी लागली. उरलेली गोष्ट सकाळी ऐकायची ठरली होती.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. काकांनी हात जोडून सांगितलं, घर विकणार नाही. कावळे आंब्यावर बसून. आत्तेभावाने कबूल केलं, दारू सोडतो. एक कावळा तेवढा मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिला. तासभर झाला, गुरुजींनी दर्भाच्या कावळ्याची भाषा सुरू केली. तेव्हा धाकटा म्हणाला, "त्यांना गोष्ट पुरी करायची असेल."

मीच सुरुवात केली. म्हटलं, अण्णांनी खांद्यावरचं घोंगडं बिबट्यावर टाकलं. काका म्हणाले, घोंगडं कुठलं, चैत्रातली गोष्ट, कंदिलाचं रॉकेल टाकलं. आत्तेभाव म्हणाला, बिबटे दोन होते. दोन कसे, एकच! आवाज चढले, गुरुजीही त्यात पडले. त्यांना अण्णांनी स्वतः सांगितलं होतं म्हणे, की मादी होती आणि तिच्यासोबत पिल्लं होती. आम्ही वळून पाहिलं तेव्हा भाताचं शीतही शिल्लक नव्हतं. कावळा नक्की कधी शिवला, कोणीच पाहिलं नाही.

संध्याकाळी आजीला सांगितलं. ती अण्णांच्या डब्यातल्या सुपाऱ्या निवडत बसली होती.

"किती आले?"

"तीन. एकदम झडप घातली."

आजीने एक सुपारी कानाशी नेऊन हलवली, खाली ठेवली.

"दोन म्हण," ती म्हणाली. "तीन कोणाला पटायचे नाहीत."