मांडीवर त्रिताल कसा धरावा

नियम पहिला : मांडी स्वतःची असावी. हे लिहावं लागतं, कारण माझे सासरे, अण्णा, मैफलीत माझ्या मांडीवर ताल धरतात.

त्रितालाच्या १६ मात्रा. त्यांचे चार-चारचे चार खण पाडावेत. कीबोर्डच्या क्लासला जाणारा पुतण्या म्हणतो, ‘काका, हे तर फोर-फोर चार वेळा!’ मोजण्यापुरतं खरं आहे, पण फोर-फोरमध्ये खाली कुठे असते? १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी द्यावी. नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीला, हात नुसता उलटा करून हवेत सोडावा. अण्णा तिथेही टाळी देतात. हात उचललाच आहे तर वाया का घालवायचा, म्हणतात.

आता सम, म्हणजे पहिली मात्रा. गाणं जिथून सुरू झालं तिथेच सम, असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि ते सगळे माझ्या पुढच्या रांगेत बसतात. मध्यलयीच्या, द्रुत बंदिशी पुष्कळदा नवव्या मात्रेवरून उठतात. मुखड्याच्या पहिल्या अक्षराला ‘एक’ म्हटलं की माणूस आठ मात्रांनी चुकतो आणि टाळ्या जवळजवळ जुळत असल्यामुळे त्याला ते कधीच कळत नाही. अण्णांना ४० वर्षांत कळलेलं नाही. म्हणून गवयाच्या हातवाऱ्यांकडे बघू नये, डग्गा ऐकावा. दहाव्या मात्रेला त्याचा घुमारा थांबतो. तिं, तिं, ता, ता कोरडे जातात. चौदाव्याला तो पुन्हा बोलतो : धिं, धिं, धा. त्यापुढचा धा पकडावा. ती सम.

विलंबितात मात्रा मोजू नयेत. झोप लागते.

तिहाईत एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवट समेवर पडतो. तोवर दाद आवरावी. अण्णांची ‘वाहवा’ दुसऱ्यालाच निघते, आणि तबलजी आमच्याकडे बघतो. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे. अण्णा तेव्हा पानाचा डबा शोधत असतात.

मागे एकदा बंदिश चक्क समेपासूनच उठली. सवयीने मी मुखडा खालीला धरला, डग्गा ऐकायचा विसरलो, आणि सगळी मंडळी माना हलवत असताना माझा हात हवेत. अण्णांची टाळी नेमकी समेवर.

परतताना रिक्षात ते एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या मांडीवर मात्र घर येईपर्यंत त्रिताल चालू होता. नवव्या मात्रेच्या टाळीसकट.